हौसेला मोल नाही

गुडघा जातो तेव्हा आवाज होतो. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा. मी तो आयुष्यात तीनदा ऐकला आहे, तिसऱ्यांदा इथे पुण्याच्या धायरीत, एका निमंत्रित कबड्डी स्पर्धेत. रात्रीचे साडेदहा वाजले होते, हॅलोजनभोवती किडे घोंघावत होते आणि स्टेजवर आहेर-सत्कार चालू होते. आमच्या मंडळाचा डावा कोपरारक्षक चढाईपटूच्या घोट्यावर झेपावला. पकड बसली, पण भाड्याच्या मॅटचे दोन तुकडे जिथे जोडले होते तिथली चिकटपट्टी सुटली होती आणि त्या फटीत त्याचा पाय अडकला. अंग फिरलं, पाय तिथेच राहिला. पंचांनी गुण दिला. तो पोरगा एक हात वर करून, दुसऱ्या हाताने गुडघा धरून पडून राहिला. गुण मिळाला की नाही हे तो आधी विचारत होता.

तो तेव्हा बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता. वडील गारमळ्याच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. कॉलेजच्या संघातून खेळायचा म्हणून त्याची फी माफ होती, वर्षाला एक ट्रॅकसूट मिळायचा, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेला की भत्ता मिळायचा. ऑपरेशनचा खर्च दोन लाखांच्या आसपास सांगितला गेला. पुढच्या आठवड्यात जे झालं ते इथल्या कुणालाही नवीन नाही. कॉलेजने सांगितलं, तो आमच्या स्पर्धेत खेळत नव्हता. आयोजकांनी सांगितलं, आम्ही संघाला बोलावलं, खेळाडूची जबाबदारी संघाची. मंडळाने सांगितलं, आमच्याकडे आहे काय? आणि मग मंडळानेच वर्गणी काढली, गणपतीला काढतात तशी, पावतीपुस्तक घेऊन.

प्रत्येकाच्या बोलण्यात एक शब्द मात्र ठरल्यासारखा येत होता. हौस. 'हौसेने खेळतात हो मुलं.' आपल्याकडे म्हणतातच, हौसेला मोल नाही. हे वाक्य मी लहानपणापासून कौतुकाचं समजत आलो. त्या आठवड्यात ते मला पहिल्यांदा हिशेबाच्या वहीतलं वाक्य वाटलं.

मी स्वतः या हौसेवर जगलेला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. 1983 ते 86 मी कॉलेजकडून खेळलो. तेव्हा माती होती. गुडघे-कोपरं सोलायची, पण पाय फटीत अडकायचा नाही. बाहेरगावच्या स्पर्धेहून आलं की ऑफिसात बोलावणं यायचं आणि क्लार्क व्हाउचर पुढे सरकवायचा. 'कर सही.' रकमेचा रकाना कोरा असायचा, तपशिलाचाही. हातात चार दिवसांचे मिळून चाळीस रुपये पडायचे. व्हाउचरवर किती पडायचे ते मला आजतागायत माहीत नाही. एकदा मी विचारलं, तर क्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाला, 'खेळायला आलायस की हिशेब तपासायला?' मी सही केली. चाळीस रुपयांत आम्ही चौघांनी अप्पा बळवंत चौकाजवळ मिसळ खाल्ली, शिवाय मला घरी द्यायला पंचवीस उरले. वाईट वाटल्याचं आठवत नाही. वाईट वाटायला आपलं काहीतरी हक्काचं आहे हे आधी माहीत असावं लागतं.

पुढे मला एका बँकेने घेतलं. अर्ज क्लार्कच्या जागेचा, निवड मैदानावर. मुलाखतीत एकाने विचारलं, उजवा कोपरा खेळतोस की डावा? तीस वर्षं मी पगार घेतला, पण कबड्डीपटू म्हणून एकही दिवस नाही. कागदोपत्री मी लेजर लिहीत होतो. महाराष्ट्रातल्या कबड्डीचं अर्थशास्त्र कित्येक वर्षं हेच होतं. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, विमान कंपनी. खेळाचे पैसे कुणी द्यायचं नाही, खेळाडूला नोकरी द्यायची. खेळाच्या राष्ट्रीय संघटनेच्या नावातच 'अमॅच्युअर' आहे, मराठीत आपण 'हौशी' म्हणतो. हौशी राहून पोट भरायचं तर दुसऱ्या कुठल्यातरी नावाने भरावं लागतं.

नावं आपल्याकडे पुष्कळ आहेत. पैलवानाला मिळतो तो खुराक. कॉलेजच्या पोराला मिळतो तो भत्ता. केंद्राच्या 'खेलो इंडिया'त निवड झालेल्या खेळाडूला महिन्याला 10,000 रुपये मिळतात, तो हातखर्च. प्रशिक्षकाला मिळतं ते मानधन. जुन्या वस्तादाला मिळायची ती दक्षिणा, नारळ आणि फेटा. जिंकलेल्याला मिळतं ते इनाम. या सगळ्या शब्दांत देणाऱ्याचा हात वर आहे. 'पगार' हा एकच शब्द असा आहे की त्यात घेणाऱ्याला तारीख विचारता येते. तो कुणी उच्चारत नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात उलगडलं ते मात्र इथे नाही, फार लांब. लेक अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात होती. 2022 च्या शरद ऋतूत आम्ही दोघं तिच्याकडे गेलो, तेव्हा तिने एका शनिवारी ॲन आर्बरच्या स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला नेलं. आपल्या गहुंजेच्या क्रिकेट मैदानात सुमारे 37 हजार माणसं मावतात. या कॉलेजच्या, हो, कॉलेजच्या मैदानाची क्षमता 1,07,601. सगळे पिवळ्या-निळ्या कपड्यांत. माझ्या शेजारच्या ऐंशीच्या घरातल्या बाई शिट्टी वाजवत होत्या. खेळ मला अर्धा कळला. पण टक्कर कळली. दोन धिप्पाड पोरं समोरासमोर येऊन आदळतात तो आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो, आणि माझा हात आपोआप माझ्या गुडघ्याकडे गेला.

मी लेकीला विचारलं, या मुलांना किती देतात? ती म्हणाली, बाबा, ते विद्यार्थी आहेत. शिष्यवृत्ती मिळते, फी, राहणं, जेवण. आणि त्या कोचना? तिने मोबाइलवर बघून सांगितलं. जिम हार्बो, पाच वर्षांचा करार, 3 कोटी 67 लाख डॉलर. म्हणजे वर्षाला सत्तर लाख डॉलरच्या वर, आपल्या पैशात पन्नास कोटींहून जास्त. हे काही एकटे नव्हेत. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सरकारी नोकरांत सर्वांत मोठा पगार राज्यपालाचा नसतो, सरकारी विद्यापीठाच्या फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोचचा असतो. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर 2023 मध्ये, टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या कोचला मुदतीआधी काढलं, तर करारापोटी त्याला द्यायची रक्कम साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. काम न करण्याचे.

आपली पहिली प्रतिक्रिया अशा वेळी 'काय ही चंगळ' अशी होते, माझीही झाली. परतीच्या विमानात झोप येईना तेव्हा मी बँकेतल्या सवयीने दोन बाजू मांडल्या. जमेला तिकिटं, जर्सी, आणि टीव्हीचे हक्क. मिशिगन ज्या गटात खेळतं त्या 'बिग टेन'ने त्याच वर्षी सात वर्षांचा करार केला होता, सातशे कोटी डॉलरच्या वरचा. नावे कोण? ज्यांना बघायला लाख माणूस येतो त्यांना विद्यापीठाने शिष्यवृत्ती आणि शिक्षणाचे लाभ यांपलीकडे काही द्यायचं नाही, असा महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचा, एनसीएएचा, तेव्हाचा नियमच. मग उरलेला पैसा जाणार कुठे? विद्यापीठ नफा वाटत नाही. तो जिथे द्यायला बंदी नाही तिथे साचतो. भव्य व्यायामशाळांत, कार्यालयांत, आणि कोचच्या करारात. चांगली पोरं आणायची तर विद्यापीठाला पैशाचं आमिष दाखवता येत नव्हतं, म्हणून ज्याच्या नावावर पोरं येतात त्या माणसाला विकत घ्यायचं. कोचच्या त्या पन्नास कोटींत खेळाडूंचा न दिलेला पगार मिसळलेला होता. हा हिशेब जुळला तेव्हा मला कोचचा राग यायचा थांबला. बिचाऱ्याने बंधाऱ्याखाली शेत घेतलं होतं, एवढंच.

'स्टुडंट-ॲथलीट' हा त्यांचा शब्दही मी नंतर शोधला. 1955 साली कोलोरॅडोतल्या एका लहान कॉलेजचा रे डेनिसन नावाचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार बसून गेला. बायकोने कामगार नुकसानभरपाई मागितली. 1957 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. कॉलेजचा धंदा फुटबॉलचा नाही, म्हणून हा कामगार नाही. त्या काळात अशा दाव्यांची धास्ती घेऊनच संघटनेने 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द रूढ केला. ही कबुली विरोधकाची नाही, संघटनेचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतरच्या पुस्तकात स्वतः दिली आहे. म्हणजे तो शब्द शिक्षणाच्या प्रेमातून आलेला नाही. गुडघ्याचा, डोक्याचा खर्च टाळण्यासाठी तो वकिली डोक्यातून आला. वर्षानुवर्षं दुकानात जर्सी विकली जायची ती नंबरची, नाव नसलेली. नंबर विद्यापीठाचा, नाव पोराचं. नावाचे पैसे मागेल ना तो.

तिथे हे आता मोडलं आहे. 2021 च्या जूनमध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊविरुद्ध शून्य असा निकाल देऊन शिक्षणाशी निगडित लाभांवरची संघटनेची बंधनं उडवली. पुढच्याच महिन्यापासून खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा विकायची मोकळीक मिळाली. आणि जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या समझोत्याने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा दिली, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. तरी 'कर्मचारी' म्हणायला अजून कुणी तयार नाही. पैसे देऊ, पण शब्द देणार नाही.

परत आल्यावर मी हे आमच्या सरांना सांगितलं. सर म्हणजे धारेश्वराच्या देवळाच्या पलीकडच्या मैदानात संध्याकाळी चाळीस पोरं घेऊन उभे असतात ते. दिवसा सुरक्षारक्षकांचे सुपरवायझर, बारा तासांची ड्यूटी. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, 'काका, तिथं अंडी कोण देतं पोरांना?' मी म्हटलं, विद्यापीठ. ते म्हणाले, 'मग बरंय.'

सरांची एक वही आहे. दोनशे पानी, वर पुठ्ठा चढवलेला. अंडी, केळी, क्रेप बँडेज, स्प्रे, रिक्षा, मॅटची शिलाई, स्पर्धेची प्रवेश फी. जमेच्या बाजूला पोरांकडून महिन्याला तीनशे, तेही ज्यांना जमतात त्यांच्याकडून. मला बँकेची नजर आहे. मी बघितलं, जमा आणि खर्च यात दर महिन्याला जो खड्डा पडतो तो भरल्याची नोंद कुठेच नाही. म्हणजे तो सरांच्या बारा तासांतून भरला जातो. सत्तर लाख डॉलर आणि हा खड्डा, दोन्ही एकाच पदाच्या नावावर बघितले की हसावं की काय करावं कळत नाही.

आमच्याकडे कॉलेजात या पदाचा पगार नाही असं नव्हे. शारीरिक शिक्षण संचालकाला यूजीसीच्या सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाचीच श्रेणी आहे, मूळ वेतन 57,700 पासून. प्राध्यापकाइतका, त्याहून एक पैसा जास्त नाही. मला हे मनापासून आवडतं. पण अनेक कॉलेजांत ही जागा वर्षानुवर्षं रिकामी असते, किंवा एकाच माणसाच्या गळ्यात मैदान, एनएसएस आणि परीक्षेचं सुपरव्हिजन असं तिन्ही. मग पोरं घडतात कुठे? मंडळात, सरांसारख्यांकडे. कॉलेज त्यांना तयार स्थितीत घेतं, खेळाडू कोट्यातून, आणि ढाल आणते.

पैसा कबड्डीत आलाच नाही असंही म्हणता येणार नाही. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा लिलावातला सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार, 12 लाख 80 हजारांना गेला. चार वर्षांत कोटीचा आकडा ओलांडला गेला. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई 2019 मध्ये 1 कोटी 45 लाखांना गेला, तेव्हा आमच्या मैदानातली पोरं आठवडाभर त्याच्यासारखी उडी मारत होती. 2023 मध्ये पवन सेहरावतची बोली 2 कोटी 60 लाखांवर थांबली. मला आनंद झाला. खेळाला उघड किंमत लागली, नोकरीच्या आडून नाही. पण त्या मॅटवर जागा किती? बारा संघ. आणि पोरी? महिलांसाठी 2016 मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, पुढच्या वर्षी ती गायब. सरांकडे चाळीसपैकी चौदा मुली आहेत. त्यांच्या आया विचारतात, पोलीस भरतीत उपयोग होईल ना?

होतो. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, 2005 पासून. हा आमचा खरा पगार, उशिरा मिळणारा आणि फार थोड्यांना. त्याचा एक विचित्र परिणाम असा की पगार प्रमाणपत्रात भरलेला असल्यामुळे लोक प्रमाणपत्रच छापू लागले. कधी न खेळलेल्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं लावून नोकरीला लागलेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच. रोख पैशाला निदान नंबर असतो.

खाशाबा जाधवांची गोष्ट मी सरांना सांगायला गेलो, तर ती त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होती. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. परत येऊन कुस्त्या घेतल्या आणि त्या पैशातून घर सोडवलं. ही गोष्ट आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो, शाळेच्या स्नेहसंमेलनात सांगतो. सर म्हणाले, 'मला ती ऐकवत नाही काका. ती ऐकून प्रत्येक संस्थेला वाटतं, कुणीतरी घर गहाण ठेवील.' मी गप्प बसलो. इतकी वर्षं ती गोष्ट सांगताना ते घर मला गुरुप्रेमाचं प्रतीक वाटत होतं, सरकारच्या न दिलेल्या पैशाची पावती म्हणून मी ते कधी बघितलं नव्हतं.

जागतिक फुटबॉलमध्ये, अमेरिकेतल्या नव्हे, आपल्या ओळखीच्या, घडवणाऱ्याला पैसे परत देणारा एक नियम आहे, तो मला पटतो. करार चालू असताना खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात मोठ्या रकमेला गेला, की त्या रकमेतले पाच टक्के, त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षांपर्यंत ज्यांनी शिकवलं त्या क्लबांत वाटले जातात. लिलावातला आपला पोरगा जेव्हा कॅमेऱ्यासमोर 'माझ्या पहिल्या सरांमुळे' म्हणतो, तेव्हा सरांना फेटा मिळतो. पाच टक्के कशाला, दोन द्या. त्या वहीतला खड्डा भरून निघेल आणि वर मॅट येईल, अखंड, फट नसलेली.

हे सगळं लिहिताना मला माझ्याच एका शंकेचं उत्तर अजून नीट देता आलेलं नाही. एकोणीस वर्षांच्या पोराला महिन्याला पगार सुरू झाला, तर तो बी. कॉम. पूर्ण करील का? अमेरिकेत आता बरीच पोरं विद्यापीठ बदलतात, जिथे जास्त मिळेल तिथे. आमच्याकडे दहीहंडीत लाखांची बक्षिसं आली आणि थरावरच्या पोरांचा सराव परीक्षेच्या तारखा बघेनासा झाला. पैसा आला की त्याच्याबरोबर काका, मामा, दलाल, नेता, सगळे येतात, हे मीही बघितलं आहे. मैदानात बक्षीस देणारा बॅनरवर सर्वांत मोठा असतो. पण माझी शंका गुडघ्यापाशी येऊन थांबते. पगार द्यायचा की नाही यावर वाद घालायला वेळ आहे. ज्या पोराच्या अंगावर तिकीट, बॅनर, ढाल, महाविद्यालयाचं नाव असं सगळं उभं आहे, त्याचा विमा उतरवायला वेळ लागायचं कारण नाही. दहीहंडीच्या गोविंदांना सरकारने दहा लाखांचं विमाकवच दिलं. थरांना जे लागू, ते कोपरारक्षकाला का नको?

धायरी 2017 मध्ये महापालिकेत आली. तेव्हापासून मैदानाच्या एका बाजूला 'प्रस्तावित' असा फलक आहे. काय प्रस्तावित ते पावसाने पुसलं. त्या फलकाखाली, ऑपरेशननंतर सात महिन्यांनी, तो पोरगा परत आला. पायाला पट्टा. खेळायला अजून परवानगी नव्हती, म्हणून सरांनी त्याला लहान मुलांच्या स्पर्धेत माझ्या शेजारी गुणलेखक म्हणून बसवलं. अक्षर चांगलं आहे त्याचं. बोनस आणि लोण अचूक लिहीत होता, चढाईपटूला ओरडायचा मोह मात्र आवरत नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरांनी त्याच्यापुढे पैशाचं पाकीट आणि व्हाउचर ठेवलं. त्याने पेन काढून लगेच सही करायला घेतली. मी त्याचा हात धरला.

'आधी वाच.'

तपशिलाच्या रकान्यात सरांनी लिहिलं होतं, गुणलेखक, दोन दिवस. रकमेचा रकाना भरलेला होता, आकड्यात आणि अक्षरात, सहाशे रुपये फक्त. त्याने वाचलं. मग पाकिटातले पैसे मोजले, एकदा, आणि पुन्हा एकदा. मग सही केली.